दोन इंचांचं कडं

डेपोमागच्या टिनाच्या खोलीत त्या दिवशी हॉकीच्या काठ्या दहा होत्या. अकरावीही होती, पण दोन तुकड्यांत, म्हणून इसरूने ती धरली नाही. चेंडू तीन: दोन बांबूच्या गड्ड्यातून कोरलेले, एक कातड्याचा, तो फक्त सामन्यापुरता. गोलकीपरच्या पायांना बांधायची, बांबूच्या पट्ट्या घालून शिवलेली गोणपाटाची जोडी एक. खिळ्याला टांगलेलं लोखंडी कडं एक, आतून बरोबर दोन इंच. खेळाडू अकरा.

त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

मोजणं हाच इसरूचा धंदा. कोरेपारच्या डेपोत जंगलातून सागाचे ओंडके येत. तो टेप लावून लांबी आणि घेर सांगे, आणि सोमाजी मुन्शी ते वहीत लिही. हा सोमाजीच क्लबचा कप्तान. जिल्ह्यातल्या हॉकीत दुसरा गट सगळ्यांत खालचा, आणि त्या गटात पाच क्लबांपैकी कोरेपार पाचवं. रविवारी चांद्याला शेवटचा सामना गोंडपिपरीशी. हरलं तर नाव कटणार, आणि नाव कटलं की मैदानावर ओंडके रचायचे, असं वरून आधीच ठरलं होतं.

मोडलेली काठी इसरूचीच होती. नवी नागपूरहून यायला पंधरा दिवस, आणि घरी करायची तर करणारा नव्हता. कोरेपारच्या सगळ्या काठ्या धामणीच्या लाकडाच्या, आणि त्या सगळ्या इसरूच्या मोठ्या भावाने, लच्छूने केलेल्या. धानाच्या ओल्या तणसात पुरून वाफ द्यायची, मोहाच्या बेचक्यात अडकवून वाकवायची, वीस दिवस सावलीत ठेवायची. मग कड्यातून काढायची. काठी दोन इंचांच्या कड्यातून शेंड्यापासून बुडापर्यंत पार गेली नाही तर अंपायर ती मैदानावर येऊ देत नाही.

आषाढात गाडीवर चढवताना साखळी सुटली आणि लच्छू ओंडक्याखाली आला. त्याला काढून नेल्यावर सोमाजीने वही उघडली, कारण ओंडका मोजायचाच राहिला होता. इसरूने टेप लावला. लांबी अठरा फूट, घेर पाच फूट चार इंच. बत्तीस घनफूट. तेव्हापासून भावाचा चेहरा आठवायला गेलं की आधी बत्तीस यायचे. चेहरा मागून यायचा, कधी यायचाही नाही. इसरू रडला नव्हता. भूक लागायची, झोप लागायची, आकडे बरोबर यायचे.

"एक काठी हाये," सोमाजी खाली बघत म्हणाला.

"कुठी?"

"तुले ठाऊक हाये कुठी ते."

लच्छूला पुरलं तिथे नाल्याकाठी दगड उभा केला होता. मेलेल्याच्या हातातली हत्यारं त्याच्या दगडापाशी ठेवायची, अशी त्यांच्यात रीत. कुऱ्हाड, पाण्याचा तुंबा आणि काठी. चार महिने पाऊस खात तिथेच होती.

"वयनीले इचारा लागन," इसरू म्हणाला.

वयनी, म्हणजे लच्छूची बायको मंगली, अंगणात धान झोडत होती. त्याने सांगितलं ते तिने हात न थांबवता ऐकलं.

"मले काऊन इचारतं? ज्याची हाये त्याले इचार."

"तो काई बोलन का?"

"जित्ता होता तवा तरी कुठी बोले? काठ्याच तासत बसे." तिने पेंढी बाजूला टाकली. "ने. पन जशी हाये तशी आनून ठेव, भाऊ. एक ढलपीबी कमी नाई झाली पायजे. उनी काठी घेऊन तिकडं काय खेळन तो?"

"नाई होनार कमी."

गुरुवारी त्याने काठी आणली. बूड चिखलात रुतलेलं होतं, दांड्यावर हिरवी बुरशी. पुसून कडं घातलं. दांड्यावरून ते सरसर खाली आलं आणि वाकणापाशी थांबलं. पट्टी लावली. दोन इंच दीड सूत, आठ सुतांचा इंच. लाकूड फुगलं होतं.

विस्तवाशी धरली असती तर तडकली असती. इसरूने ती चुलीपासून लांब, धूर पोचेल इतक्या उंचीवर टांगली. शुक्रवारी संध्याकाळी दोन इंच एक सूत. शनिवारी अर्धं सूत. रविवारी पहाटे ओंडक्यांच्या ट्रकवर चढताना कंदिलाच्या उजेडात पाहिलं, तर तेवढंच.

"वाटेत वाळन," जंगू म्हणाला. हा उजव्या कडेला खेळे आणि सगळ्यात आधी बोले. "हवा लागू दे. मी धरतो वर, झेंड्यावानी."

चांद्यापर्यंत त्याने खरंच ती वर धरली.

अंपायर म्हणजे तिथल्याच शाळेतले एक मास्तर. झाडाखाली टेबल, टेबलावर कडं, तराजू आणि पितळी वजनांची पेटी. अठ्ठावीस औंसांवर काठी गेली तरी चालत नसे. लच्छूची काठी पारड्यात ठेवून मास्तरांनी लहानमोठी वजनं टाकली. सव्वीस औंस. मग कडं घातलं. ते वाकणापाशी अडलं. त्यांनी फिरवून पाहिलं, उलट बाजूने पाहिलं.

"नाही जात. दुसरी आणा."

"दुसरी नाई जी," सोमाजी म्हणाला.

"मग दहा जण खेळा. नाहीतर तासून आणा. दहा मिनिटं देतो."

सोमाजीने पिशवीतून बाटलीची फुटकी काच काढली. ती त्याने घरूनच आणली होती.

"मी नाई म्हणत तास," तो म्हणाला. "पन दहा जनाईनं खेळून हरलो, तं उद्यापासून त्या मैदानावर तूच टेप लावशीन. लच्छूनं दगडं येचून साफ केलं होतं ते."

इसरूने काठीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तराजूकडे. डोक्याचा पटका सोडून त्याने जमिनीवर पसरला, त्यावर मांडी घातली आणि वाकण गुडघ्यावर घेऊन काच ओढली. पातळ, पांढरी सालपटं पटक्यावर पडू लागली. धामणीचा वास आला. हात आपोआप चालत होता.

"जंगू, वाऱ्याकडनं उभा राय."

"मी काय भिंत होय का?" म्हणत जंगू धोतराचा सोगा पसरून उभा राहिला.

गोंडपिपरीचे दोघेतिघे बघायला आले. "काय बा, लगीन हाये का काठीचं? दाढी करून राह्यले!"

"हाव," जंगू म्हणाला. "नवरी तुमच्याकडचीच हाये."

तेवढ्यात एक झुळूक आली आणि काही सालपटं उडाली. जंगू गुडघ्यांवर रांगत गवतात गेला आणि नऊ शोधून आणली. इसरूने पटक्याची चारही टोकं बांधून गाठोडी केली आणि सोमाजीच्या हातात दिली. "सोडू नको."

कडं पार गेलं.

सामन्यात इसरूने किती वेळा चेंडूला काठी लावली ते मोजलं: एकेचाळीस. पहिल्या अर्ध्यात गोंडपिपरीने गोल केला. दुसऱ्यात, सव्विसाव्या खेपेला, त्याने चेंडू उजवीकडे ढकलला आणि जंगूने तो आत घातला. कोणीतरी इसरूला उचललं, पाठीवर थापा पडल्या. काठी खडकाळ जागेवर दोनदा घासली, तेवढं त्याच्या लक्षात राहिलं. एक-एक असा बरोबरीत सामना सुटला. बरोबरीच्या एका गुणाने कोरेपार चौथं आलं, नाव राहिलं. सोमाजी टेबलापाशी सही करताना डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातात गाठोडी घट्ट होती.

इसरूने ती त्याच्याकडून घेतली. मास्तर वजनं पेटीत भरत होते.

"एकदा आनखी तोला जी."

"आता कशाला? सामना संपला की."

"घरी सांगाचं हाये."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, पेटी पुन्हा उघडली आणि सव्वीस औंस एका पारड्यात घातले. इसरूने दुसऱ्या पारड्यात काठी आडवी ठेवली. मग गाठ सोडून पटका तिच्यावर झटकला, उलटा केला, शिवणीत अडकलेलं सालपट नखाने काढून तेही टाकलं. जंगू वाऱ्याकडून उभा राहिला.

लाकडाचं पारडं वर राहिलं. मास्तरांनी पलीकडचं पाव औंसाचं वजन उचललं. काटा मध्ये येऊन थांबला.

पावणेसव्वीस औंस.