खिडकीच्या चौकटीतला भार

मी भार बोलतोय. जुन्या खिडकीच्या चौकटीत दडवलेला, बिडाचा लांबट ठोकळा. तुम्ही मला पाहिलं नसेल. ज्या घरात मी जन्म काढला, त्या घरातल्यांनीही मला कधी पाहिलं नव्हतं.

ओतशाळेत माझा जन्म झाला. मग डोक्यातल्या भोकात सुती दोरी ओवून मला अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या एका लाकडी घरात, वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या चौकटीतल्या पोकळीत सोडलं. दोरीचं दुसरं टोक कप्पीवरून वर-खाली सरकणाऱ्या काचेला बांधलेलं. पलीकडच्या बाजूला माझा जुळा भाऊ. काच वर सरकली की आम्ही खाली जायचो, ती खाली आली की आम्ही वर. आम्ही तोलून धरायचो, म्हणून एवढी जड काच बोटाने उचलली जायची आणि सोडाल तिथे थांबायची.

कितीतरी कुटुंबं आली नि गेली. प्रत्येकाने खिडकीला नवा रंग दिला, दोरीलाही फासला. अंधारात मला माणसं फक्त ऐकू येत.

ऐंशीच्या दशकात ज्ञानदेव आणि त्याची बायको नंदा राहायला आले. मग ज्ञानदेवची आई, जाईबाई, नागपूरहून आल्या आणि त्यांना ही खोली मिळाली. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नसे. सकाळी खिडकी उघडून त्या खाली शेजारच्या बागेतल्या मार्गारेटबाईंना हाक मारायच्या, “जेवली काय वं?”

खालून उत्तर येई, “गुड मॉर्निंग, जाई!”

एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी गप्पा संपता संपत नसत.

एके सकाळी माझी दोरी तुटली. मी धाडकन तळाशी आदळलो. एकट्या भावाला काच तोलेना. ती जाईबाईंच्या बोटांवर आली.

हाड मोडलं नाही, पण ज्ञानदेव घाबरला. त्याने खिडकीला खिळेच ठोकले. “आई, एसी चालू ठेवू. खिडकी नकोच.”

त्यानंतर खोलीत फक्त एसीची घरघर. जाईबाईंचं ताट तसंच परत जाऊ लागलं. एकदा त्या हळूच म्हणाल्या, “मले परत पाठव रे, ज्ञाना.”

कॉलेजात जाणारी नात दीपा बापावर उसळली. “डॅड, शी हॅज वन फ्रेंड हिअर. वन! आणि तू खिळे ठोकलेस?”

ज्ञानदेव हातोडी घेऊन आला. मग त्याने स्वतः खिळे उपटले आणि सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, दोरी बदलली तरी पुन्हा कुजेल. स्प्रिंग बसवू, म्हणजे भारांची गरजच नाही; त्यांची पोकळी भरली की वाराही अडेल.

“आईंना एका हाताने उघडता आली पाहिजे,” नंदा म्हणाली. “बाकी काही नाही.”

मला बाहेर काढलं तेव्हा उजेड अंगावर आला. भावाशेजारी ठेवलं. इतकी वर्षं एकच काच उचलली, पण अंगाला अंग त्या दिवशी लागलं. जाईबाई मला आवाजावरून वाटल्या होत्या त्याहून खूपच लहानखुऱ्या होत्या. वाकून त्यांनी मला उचलायला पाहिलं. मी उचललाच गेलो नाही.

“बाप्पा! एवढा जड होता? अन् मले कधी समजलंच नाही.”

माझ्या साऱ्या आयुष्याचे पांग त्या एका वाक्यात फिटले.

आता आम्ही रस्त्याकडेला खोक्यात पडलोय, भंगाराच्या गाडीची वाट बघत. वर खिडकी उघडी आहे. मघाशी मार्गारेटबाई माझ्याजवळून गेल्या. हातात टोमॅटोची परडी होती. आज खालून हाक मारत त्या थांबल्या नाहीत, सरळ घरात शिरल्या. जिना करकरला. मग वरून दोघी एकदमच बोलू लागल्या.

म्हाताऱ्या माणसाची खिडकी जड झाली तर ती दुरुस्त करा, एवढंच मागणं. गाडी वळली वाटतं. येतो.