माझा खटका कुणी सरकवला?

मी कुकर बोलतोय. शिट्टीवाला नव्हे, विजेवर चालणारा, दोघांपुरत्या खिचडीचा, खास प्रवासाचा. सध्या मुक्काम अमेरिकेतलं एडिसन, बेसमेंटमधलं वरचं फडताळ. आणि मी चिडून बोलतोय. म्हणे मी इटलीत दगा दिला. दगा? मी?

इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून मला अरुणरावांनी आणलं. गृहस्थ तीस वर्षं विजेच्या कंपनीत इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले. माझ्या बुडाशी एक खटका होता: अमेरिकेत एकशेदहा व्होल्टवर ठेवायचा, युरोपात दोनशेवीसवर. तो त्यांनी तीनदा तपासला. "झालं इटलीचं काम!" म्हणाले.

काम? त्यांच्या बायकोचं, शैलजाबाईंचं ते स्वप्न होतं हो! बोलोन्या, रावेन्ना, बारी, लेच्चे अशी जुनी गावं रेल्वेने करायची आणि प्रत्येक गावात तिथलंच जेवायचं. वर्षभर त्या एका वहीत पदार्थ उतरवत होत्या. लेक रुहीने तिकिटं काढली आणि बजावलं, "आई, प्लीज, कुकर घरी ठेव. जस्ट ईट देअर!" पण अरुणराव कसले ऐकतात! "परमुलखात पोट बिघडलं तर? आपली खिचडी-मेतकूट बरं."

मग बोलोन्यात साहेब मनोरे बघायला गेले आणि बाई हॉटेलच्या बेसिनमध्ये तांदूळ धूत बसल्या. रावेन्नाच्या गाडीत समोरची माणसं भाकरीसारखं काहीतरी चीज घालून खात होती आणि बाईंच्या मांडीवर मी, पोटात गार खिचडी घेऊन. वही पर्समध्ये बंद. जिने चौतीस वर्षं रोज रांधलं, तिला सुट्टीतही रांधायला लावायचं आणि वर त्याला काळजी म्हणायचं! मला तर झाकण फेकून मारावंसं वाटायचं.

बारीला मात्र बाई जुन्या शहरातून परतल्या त्या फोनवर बोलतच. "रुही, अगं, गल्लीत बायका दारात पाट मांडून बसतात आणि पिठाचे इवले इवले कान वळतात. अगदी आपल्या नखुल्या! माझी आत्या लग्नघरी वळायची ना, तशा. मीही अंगठ्याने एक वळली, तर ती बाई हसली आणि कोपऱ्यावरची खानावळ दाखवली. पण बाबा म्हणाले, चल, कुकर लावायचाय."

"सो गो नाऊ, आई!" रुही ओरडली.

अरुणराव अंघोळीला गेले होते. बाईंनी मला आडवं केलं, त्याच अंगठ्याने खटका एकशेदहावर सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "माफ कर रे बाबा." मग डाळ-तांदूळ घातले आणि प्लग लावला.

फट्! धूर, जळका वास, खोलीतले दिवे गुल. अरुणरावांनी मला उलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रोज खटका तपासणारे तेच; आपल्याच हातून सरकला असणार, असं समजून ते निमूट खानावळीत गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी रुहीला सांगितलं, साहेबांनी दोन ताटल्या संपवल्या, वर रस्सा पावाने पुसून खाल्ला. पोटाला ढिम्म काही झालं नाही.

मला जाळलं याचा राग नाही. माझ्या जन्माचं सोनं झालं. राग याचा येतो, की साठीतल्या बाईला एक जेवण चोरून मिळवावं लागलं. आणि इथे परत आल्यावर अरुणराव मित्रांत काय सांगतात? "कुकरने दगा दिला यार, जेवणाचे हाल झाले!" दोन ताटल्या कुणी खाल्ल्या मग? बाई शेजारी बसून नुसता चहा ओततात.

आता पोर्तुगालची तिकिटं निघालीत, बाईंच्या वहीत तिथलेही पदार्थ उतरलेत, आणि परवा घरात नवा कुकर आला. त्याला खटकाच नाही. वीज कुठलीही असो, आपोआप ओळखतो म्हणे. "आता चूक होणं शक्यच नाही," अरुणराव म्हणाले.

काल सामान भरायला बाई खाली आल्या. नवा कुकर त्यांनी उलटा करून पाहिला. खटका शोधत होत्या. बाई, मी मनात म्हटलं, हात जोडतो, आता तोंडाने बोला. आमच्यातले आणखी किती जाळणार?

बाईंनी त्याला माझ्याशेजारी ठेवलं आणि जिन्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐकताय का? बारीला तो खटका मी सरकवला होता. आणि हा कुकर आपल्याबरोबर येत नाहीये."

वरून अरुणरावांचा बारीक आवाज आला, "मग... खायचं काय?"

"वहीत लिहिलंय," बाई म्हणाल्या, आणि आमचा दिवा मालवून वर गेल्या.