कढईपासून लांब

"कढईपासून लांब राहा, पोरी! तू नुसते रोल गुंडाळ." बाबांच्या खानावळीतली ती हाक वीस वर्षांनीही तिच्या कानात होती. तळणं आपल्याला जमणार नाही असंच बाबांना वाटतं, हे तिनं तेव्हाच मनाला लावून घेतलं होतं.

आता डॉक्टरांनी बाबांचं तळलेलं खाणं बंद केलं होतं. तिनं कोबी-गाजराचं सारण ताटात पसरून गार केलं, कारण गरम सारणानं पारी भिजून फुटते. रोल घट्ट वळले, वरून तेलाचा पुसटसा हात फिरवला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

"तेलाविना रोल म्हणजे पाण्याविना पोहणं," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"काठावर बसून बोलायला काय जातंय, बाबा? बघाच तुम्ही."

वीस मिनिटांनी बाबांनी सोनेरी रोल मोडला, तसा तो कुर्रकन वाजला. त्यांनी दुसराही उचलला, तिसराही संपवला. मग भाजल्याच्या डागांनी भरलेले आपले हात टेबलावर ठेवून ते म्हणाले, "तुला जमणार नाही म्हणून नव्हतो गं लांब ठेवत. माझे हात असे झाले होते. तुझे व्हायला नको होते."