बातोची जांभळी घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. डॅन्यूब नदीकाठच्या रोमन छावणीत मी उमेदीची वर्षे काढली. आज माझ्यावर शेळीची करडे झोपतात, पण मला कमी लेखू नका. एकदा मी एका माणसाला सम्राट करायला निघाले होते!

वेनेताने मला पांढऱ्या लोकरीत विणले आणि सैन्यात निघालेल्या नवऱ्याच्या, बातोच्या खांद्यावर टाकले. बातो मेंढपाळाचा मुलगा. साधा शिपाई म्हणून त्याने खंदक खणले, मग तो शंभरांचा नायक झाला आणि केस पिकता पिकता अख्ख्या छावणीचा सेनापती. हुद्दे बदलले, घोंगडी मात्र मीच राहिले. याचा मला भारी अभिमान आहे.

त्या काळी सम्राट रोममध्ये नव्हे, छावण्यांत घडत. सैन्य ज्याला जांभळे वस्त्र पांघरवी, तो सम्राट. आपल्या मनाने जांभळे पांघरणाऱ्याचे मुंडके उडे. आणि सैन्याला 'नको' म्हणणाराही वाचत नसे. शेजारच्या छावणीतल्या सेनापतीला तर त्याच्याच माणसांनी मारले होते.

एकदा लढाई जिंकल्यावर भर दुपारी मेजवानी रंगली. बातोचा जुना सोबती मुकात्रा मिठी मारायला धावला आणि द्राक्षाच्या दारूचा घडाच माझ्यावर उपडा झाला. मागच्या रांगांना दारू दिसली नाही, रंग तेवढा दिसला.

"जांभळं! आपल्या बातोनं जांभळं पांघरलं!"

"सम्राट बातो!" ढालींवर तलवारी वाजू लागल्या.

मुकात्राची नशा खाडकन उतरली. "हो म्हण बाबा," तो कुजबुजला. "नाही म्हणालास तर आपलेच लोक तुला इथं आडवा करतील."

बातोचे काळीज धडधडत होते. मी छातीवरच होते, मला कळत होते. भिजत घोंगडे ठेवायची ती वेळ नव्हती. त्याने मला काढले, एका पेल्यावर पिळले आणि पेला पुढच्या शिपायाला दिला.

"चाख. काय लागतंय?"

"दारू, सेनापती. आणि... मेंढी."

"बघा! या मुकात्राला धड उभं राहता येत नाही, म्हणून मी सम्राट व्हायचं होय रे?"

छावणी खो खो हसली. हसू ओसरले तसा बातो म्हणाला, "गादीसाठी मी तुम्हाला रोमपर्यंत चालवीन. मग नदीपलीकडचे शत्रू इकडं उतरले, तर तुमच्या बायकापोरांपुढं कोण उभं राहणार?"

तलवारी एकेक करून म्यानात गेल्या.

त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका सेनापतीने खरे जांभळे वस्त्र पांघरले. द्राक्षे पिकायच्या आत त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्याला संपवले. बातो मात्र म्हातारा होऊन घरी आला. वेनेताने मला राखेने घासघास घासले. "एवढी चांगली विणली होती, काय करून आणलंत हे!" ती करवादली आणि मग माझ्यातच तोंड खुपसून रडली.

मित्रांनो, अंगावरच्या वस्त्राची काळजी घ्या. ते धुवा, उन्हात वाळवा. पण कोणी जयजयकार करत नवे वस्त्र तुमच्या खांद्यावर टाकू लागले, तर आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघा.