कट्ट्यावरची रांग

लेओस्बेलला माणसांशी बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने माणसांना बोलण्यासाठी एक अख्खी जागा बांधली. तिचं नाव 'कट्टा'. आमच्या वसतिगृहासमोर एक बुटकी भिंत आहे, ऊन उतरलं की पोरंपोरी तिच्यावर पाय लोंबकळत बसतात. तिच्यावरूनच ते नाव. विद्यापीठाच्या आतल्या जाळ्यावर चालणारी ही साइट, बाहेरच्या इंटरनेटशी तिचा संबंध नाही. ज्याचं त्याचं एक पान, त्यावर ज्याचा त्याचा ब्लॉग, आणि खाली बाकीच्यांनी हवे ते शेरे मारायचे.

मी पत्रकारितेची. माझी जीभ किती चालते ते सगळ्या ओल्गिन शहराला ठाऊक आहे, म्हणून उद्घाटनाचं भाषण माझ्याच गळ्यात पडलं. सभागृहात पंखे बंद, पण गर्दी बरी होती. मी कट्ट्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, "काही शंका?"

"यातून बाहेरचं इंटरनेट लागतं?"

"नाही."

"मालिका उतरवता येतात?"

"नाही."

"मग खायला तरी काय आहे?" मागून कुणीतरी ओरडलं.

खायलाही काही नव्हतं. सँडविच नाही, सरबत नाही, असलं उद्घाटन या गावाने पाहिलं नव्हतं. लेओस्बेल खांबाच्या आड उभा राहून चष्मा पुसत होता. पहिल्या रांगेत आमच्या विभागप्रमुख, डॉक्टर एर्मेलिंडा, हातपंख्याने वारा घेत बसल्या होत्या. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी येते बघायला. कुणी वापरत नसेल तर तो सर्व्हर ग्रंथालयाला जाईल. ते कधीपासून मागे लागलेत."

सर्व्हर गेला की कट्टा गेला. आणि त्या कट्ट्यात लेओस्बेलचा सगळा जीव होता. सागुआ दे तानामोच्या डोंगरातून तो इथे आला तेव्हा पहिलं अख्खं वर्ष त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून त्याने दोन सुट्ट्या घरी न जाता हे बांधलं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

लोक आले, नाही असं नाही. आमच्या लोकांना चौकशा फार. संगणकाच्या प्रयोगशाळेत मशीन मिळालं की जो तो कट्ट्यावर नाव नोंदवायचा, दुसऱ्यांच्या पानांवर डोकावायचा, आणि पानं कोरी बघून निघून जायचा. जत्रेला सगळे आले, पण दुकान कुणीच मांडलं नाही, अशातली गत. प्रत्येक कोऱ्या पानावर लेओस्बेलने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : पहिल्यांदा तू लिही.

"अरे लेका, इथेच चुकलं तुझं," मी म्हणाले. "आपल्याकडे सभेत पहिला हात कोण वर करतं? प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो."

"मग काय लिहू?"

"तुझं राहू दे. सरक."

मला खरंच बघायचं होतं काय होतं ते. मी माझ्या पानावर तेवढंच लिहिलं, जे क्यूबात माणूस बेकरीसमोर, दवाखान्यात, बसथांब्यावर पोचल्या पोचल्या विचारतो.

"शेवटचं कोण?"

आमच्याकडे रांग उभी दिसत नाही. कुणी झाडाखाली, कुणी पायरीवर. आल्यावर विचारायचं, शेवटचं कोण. जो हात वर करेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, तो कुणाच्या मागे आहे तेही विचारून घ्यायचं, आणि मग खुशाल सावली गाठायची. रांग डोक्यात असते, आणि ती मोडायची कुणाची छाती होत नाही.

तास संपवून परत आले तर खाली उत्तरं लागली होती.

"शेवटची तूच दिसतेस. मी तुझ्यामागे. कसली रांग आहे?"

"मी ह्या दादाच्या मागे. कसली का असेना."

"कोंबडी आली म्हणे."

"कोंबडी कुठली, बूट आलेत. फक्त छोटे नंबर."

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. पण एवढी माणसं उगाच उभी राहतील का?"

मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. दुसऱ्या दिवशी रांग इतकी लांबली की लेओस्बेलला पान दुमडून पुढचं पान करावं लागलं. आणि रांगेत उभा असलेला आमचा माणूस गप्प बसेल तर शपथ. वाट बघता बघता लोक बोलायला लागले. स्थापत्यच्या एकाने आपल्या ब्लॉगवर वसतिगृहाच्या जिन्याची कुंडली मांडली. कुठली पायरी कधी पडणार, सगळं. कायद्याच्या एकीने आत्याच्या प्रेशर कुकरची गोष्ट लिहिली. झाकण छताला चिकटलं, ते अजून तिथेच आहे, आणि आत्या रोज त्याला दटावते. त्याखाली हे एवढे शेरे. पशुवैद्यकची नाइस्लेय नावाची पहिल्या वर्षाची मुलगी होती, ती आजारी म्हशीला औषध कसं पाजतात ते लिहायची, आणि लोक तिला आपल्या कुत्र्यांची दुखणी विचारायचे.

प्रयोगशाळेबाहेर मशीनसाठी खरीखुरी रांग लागली. तिथे लोक विचारत होते, "ही आतल्या रांगेची रांग ना?"

मला वाटलं लेओस्बेल मला डोक्यावर घेऊन नाचेल. तो तर तोंड पाडून बसला होता.

"हे खोटं आहे, इदाल्मिस."

"खोटं कुठे? मी फक्त एक प्रश्न विचारला."

"ते बुटांसाठी उभे आहेत."

"असू देत ना! उद्या शुक्रवार आहे. डॉक्टरबाई बघतील, सर्व्हर राहील, मग सांग काय सांगायचं ते. एवढा धीर धर, बाबा."

"माझी आई भिंती रंगवायचा चुना आल्याच्या अफवेवरून दिवसभर उन्हात उभी राहिली होती," तो म्हणाला. "संध्याकाळी दुकानदार म्हणाला, आलंच नव्हतं काही. त्याला सकाळपासून ठाऊक होतं. मला तो दुकानदार व्हायचं नाहीये."

मला राग आला. माणसाने इतकं सरळ असू नये, फार जड जातं. मी त्याला हजारदा बजावलं आणि हात टेकले.

शुक्रवारी सकाळी त्याने स्वतःच्या कोऱ्या पानावर पहिल्यांदा लिहिलं, आणि ते सगळ्यांच्या पानांवर दिसेल असं केलं :

"काही आलेलं नाही. येणारही नाही. ही रांग कशाचीच नाही. हा कट्टा मी बांधला आहे, आणि मी माफी मागतो. लेओस्बेल."

मग आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो. पहिली शिवी आली, दुसरी आली. "बघा, म्हटलं होतं की नाही मी!" असं एकाने लिहिलं, ज्याने असलं काहीच कधी म्हटलं नव्हतं. एक जण म्हणाला, "मी चाललो." त्याच्यामागचा लगेच म्हणाला, "मग मी पुढच्या ताईच्या मागे झालो, लक्षात ठेवा." लेओस्बेलने माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात नाइस्लेयने लिहिलं.

"बूट नाहीत हे मला आधीच कळलं होतं. मी इथे आल्यापासून 'शेवटचं कोण' एवढं एकच वाक्य रोज बोलते, जेवणघरात. कुणीतरी हात वर करतं आणि बोलणं संपतं. इथे ते संपलं नाही. काही आलं नसेल तर नसू दे. मी जिन्यावाल्या दादाच्या मागे आहे. माझी जागा कुणी घेऊ नका."

"तुझ्यामागे मी आहे, कुणाची हिंमत आहे बघू," कुकरवालीने लिहिलं.

"आज नाही आलं म्हणजे उद्या येणार नाही असं थोडंच आहे? नंबर सोडू नका रे."

"माझ्या कुत्र्याचं काय झालं पण? तो अजून जेवत नाहीये."

लेओस्बेलने चष्मा काढला आणि पुसत बसला. पुसून पुसून काच झिजेल असं वाटायला लागलं, तरी थांबेना. मी त्याला कोपर मारलं. "बाबा रे, अख्ख्या विद्यापीठात या रांगेत नसलेला तू एकटाच आहेस."

त्याने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "शेवटचं कोण?" लगेच उत्तर आलं : "मी, रसायनचा. ये, उभा राहा."

"तू शेवटचा," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला, आणि हसला.

मागे हातपंखा मिटल्याचा आवाज झाला. डॉक्टर एर्मेलिंडा दारात होत्या, कधीपासून ते कुणास ठाऊक. बाहेरच्या रांगेने त्यांना पुढे जाऊ दिलं असणार. त्यांना कोण अडवतं? त्यांनी आमच्या खांद्यांवरून वाकून पहिल्यापासून वाचलं. कोंबडी, बूट, जिना, कुकर. लेओस्बेलची माफी त्यांनी दोनदा वाचली. कुकरपाशी त्यांच्या तोंडाचा कोपरा हलल्यासारखा मला वाटला, पण तेव्हा मला काहीही वाटलं असतं.

"म्हणजे या रांगेच्या टोकाला काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"काहीच नाही, डॉक्टर," लेओस्बेल म्हणाला.

बाईंना बघून शेजारच्या मशीनवरचा पोरगा उठला आणि त्या पर्स मांडीवर घेऊन तिथे बसल्या. मग, ज्यांना या इमारतीत कुठल्याच रांगेत कधी उभं राहावं लागलं नव्हतं, त्या बाईंनी मान वर करून सगळ्या खोलीला विचारलं, "शेवटचं कोण?"

लेओस्बेलने हात वर केला.