हातभर अलीकडची रेघ

मी फक्कीची गाडी बोलतेय. मैदानावर पांढरी रेघ ओढत जाते ना, ती. चार चाकं, लांब दांडा, आणि पोटात फक्की. रेघेवरून भांडण झालं की सगळे रेघेकडे बोट दाखवतात. ती कुणी ओढली, हे कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच तोंड उघडावं.

ओहायोतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. लाल रंग लावून, खोक्यात भरून मला न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला पाठवलं. डेलावेअर नदीच्या काठी, दलदलीला खेटून फेन्स लँडिंग नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेचं मैदान वॉरन डिल्क्स सांभाळायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चाकं फिरवून पाहिली, एका चाकाला तेल दिलं आणि म्हणाले, "डावीकडे ओढतेस होय? ठीक आहे. मी उजवीकडे धरीन."

बावीस वर्षं आम्ही बेसबॉलच्या रेघा मारल्या. डिल्क्स दोरी बांधल्याशिवाय मला हलवत नसत. रेघ झाली की गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून तिच्याकडे बघत. समाधान झालं नाही तर झाडू घेऊन पुसत आणि पुन्हा मारत.

निवृत्त होणाऱ्या माणसाला लोक घड्याळ देतात. शाळेने डिल्क्सना मला देऊन टाकलं. नवी गाडी येणारच होती. त्यांची बायको आधीच गेली होती. मग त्या घरात आम्ही दोन निवृत्त राहू लागलो. ते आत, आणि मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये केल्विन लोपर दारात आला. हा तेलाच्या कारखान्यात पाइप जोडायचा. त्याआधी आरमारात होता. एकदा त्याचं जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला थांबलं. तिथे त्याने एका खेळाचे तीन सामने पाहिले आणि तो घरी आला तो एक चेंडू, एक पातळसं नियमांचं पुस्तक आणि डोक्यात वेड घेऊन.

"मिस्टर डिल्क्स, एक मैदान आखून द्याल?"

"कसलं?"

"रग्बी लीगचं. क्लब काढतोय."

"ते पंधरा जण चिखलात लोळतात, ते?"

"ते वेगळं. आमच्यात तेरा असतात."

"आणि चिखल?"

केल्विन हसला. "चिखल तेवढाच."

डिल्क्स नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मैदानाच्या चित्राचं पान उघडलं आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. दर दहा मीटरला एक रेघ! बेसबॉलच्या मानाने ही तर मेजवानीच होती. "खेळ कसा का असेना, मैदान देखणं आहे," ते म्हणाले. मी तेव्हाच ओळखलं, आपण पुन्हा कामाला लागलो.

क्लबचं नाव ठेवलं मस्क्रॅट्स. मस्क्रॅट म्हणजे आमच्या दलदलीतली घूस. हिवाळ्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तिच्या मटणाची पंगत बसते, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. केल्विनने कारखान्यातल्या, बंदरावरच्या, टपाल खात्यातल्या ओळखीच्या माणसांना गोळा केलं. एकानेही हा खेळ पाहिलेला नव्हता. सगळे आपल्याकडचं अमेरिकन फुटबॉल खेळून वाढलेले. त्यात चेंडू पुढे फेकणं हीच कला, आणि इथे चेंडू फक्त मागे द्यायचा. पुढे दिला की चूक.

पहिल्या सरावाला मी मैदानाच्या कडेला उभी होते. डेशॉन बंडी नावाचा टपालवाला धावत सुटला. दारासारखा रुंद माणूस. समोर दोघे आले तसा त्याने चेंडू सुरेख वर उचलून वीस हात पुढे फेकला.

केल्विनची बायको ग्लेंडा कडेवरून ओरडली, "मागे रे! मागे!"

"मागे कोण आहे?" बंडी धापा टाकत म्हणाला.

"तुझा अख्खा संघ आहे!"

पहिल्या सामन्याला डिल्क्सनी अगदी मन लावून मैदान आखलं. पाहुण्यांचा कप्तान एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला आणि परत येऊन म्हणाला, "तुमचं मैदान आटलंय का हो?" पुस्तकात मीटर होते आणि डिल्क्सची टेप यार्डाची. मैदान नऊ मीटर आखूड झालं होतं. डिल्क्सचे कान लाल झाले. सामना तासभर उशिरा सुरू झाला, पण मैदान शंभर मीटरचं झालं. आम्ही बासष्ट विरुद्ध चार असे हरलो. ते चार गुण बंडीचे. त्याला उचलून नाचवायला गेलेले तिघे त्याच्यासकट पडले.

त्या वर्षी सात सामने झाले, सातही हरलो. पुढच्या वर्षी आणखी सहा. केल्विन मात्र दर सोमवारी एकेकाला फोन करून सांगायचा, "मागच्या वेळी चाळीसने हरलो होतो, आता बाराने. हिशेब कर की!" हा माणूस खरंच खचत नसे. डिल्क्सही बदलले होते. पहिल्या वर्षी 'त्यांचा सामना' म्हणायचे, दुसऱ्या वर्षी 'आपला' म्हणू लागले. टोपीवर घुशीचं चित्र आलं.

पण बाकीचे थकले होते. ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या सकाळी मोजून चौदा जण आले. बंडी गुडघ्याला पट्टी गुंडाळत म्हणाला, "कोच, एक विजय. एकच. नाहीतर पुढच्या वर्षी मी फक्त टपाल वाटणार." तिघा-चौघांनी माना डोलावल्या. केल्विनने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

आता ती रेघ. या खेळात दोन खांबांच्या पायाशी मैदानाच्या रुंदीभर एक रेघ असते. तिच्यावर किंवा तिच्या पलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की चार गुण. त्या सकाळी आम्ही ती रेघ मारली तेव्हा दोरीची खुंटी सरकलेली होती. पूर्ण झाल्यावर डिल्क्स गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि पुटपुटले, "हात् तिच्या!" रेघ खांबांच्या हातभर अलीकडे पडली होती. त्यांनी ती झाडूने पुसली आणि योग्य जागी दुसरी मारली. गवतात दव होतं. फक्की पूर्ण निघत नाही अशा वेळी. लांबून दिसत नव्हती, पण गवताच्या मुळाशी होती.

सामना चुरशीचा झाला. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही वीस आणि ते बावीस. चेंडू आमच्याकडे. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना जातो, आणि आम्हाला चार वेळा पाडून झालं होतं. पाचव्या खेपेला बंडी निघाला. दोघे त्याच्या कमरेला, एक पाठीवर. त्यांना ओढत तो रेघेपाशी आला, कोसळला आणि पडता पडता त्याने हात लांब करून चेंडू टेकवला. वर माणसांचा ढीग. पंचांनी ढीग बाजूला केला, चेंडू पाहिला. टोकाला पांढरी फक्की! शिट्टी वाजली. चार गुण.

काय तो गलका! साठ-सत्तर माणसं असतील, पण आवाज सहाशेंचा. ग्लेंडाने छत्री हवेत फेकली. पाहुण्यांचा कप्तान ओरडत होता, "अलीकडे पडला तो, अलीकडे!" पंचांनी त्याच्या नाकासमोर चेंडू धरला. "मग ही फक्की काय आकाशातून आली?"

डिल्क्स माझ्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. आम्ही दोघं कोपऱ्यात, त्या रेघेच्या सरळ रेषेत होतो. चेंडू अलीकडे पडलेला आम्हाला दिसला होता. मला बोलता येत असतं तरी मी तेव्हा गप्प राहिले असते, खरं सांगते. दोन वर्षांत तेरा पराभव पाहिले होते मी. डिल्क्सनी टोपी काढली आणि ते मैदानात चालत गेले.

"पंच, ती फक्की चुकीच्या रेघेची आहे."

"काय?"

"सकाळी मी एक रेघ चुकून मारली होती. पुसली, पण राहिली. हे बघा." त्यांनी वाकून गवत बाजूला केलं. मग हातभर पलीकडे बोट दाखवलं. "खरी ही. ही इथे मोडलेली नाही. कुणी शिवलेलंच नाही तिला."

पंचांनी खाली बसून पाहिलं आणि निर्णय फिरवला. चार गुण गेले. चेंडू आमच्याकडेच होता, शेवटची एक खेप शिल्लक होती, रेघ हातभर दूर. अजूनही जमलं असतं. चेंडू परत बंडीकडे आला, समोर चौघे धावून आले आणि घाईघाईत त्याचा हात उठला. पुढे! चेंडू पुढे गेला. शिट्टी. वीस विरुद्ध बावीस, आणि चौदावा पराभव.

बंडी चिखलाने माखलेल्या अंगाने थेट आमच्याकडे आला. "मिस्टर डिल्क्स, तुम्ही आहात कुणाच्या बाजूचे?"

"बंडी, रेघ मी मारली होती. चूक माझी होती."

"चूक सकाळची होती ना? मग सकाळीच संपली ती! दोन वर्षं मी घरी हरून जातोय. पोरगी दारातच विचारते, बाबा, आज कितीने?"

डिल्क्सनी केल्विनकडे पाहिलं. एरवी तोंड न थांबणारा केल्विन खांबांचे पाइप सोडवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. बंडीच्या ओरडण्यापेक्षा तेच जास्त लागलं असावं. डिल्क्सनी मला ट्रकमध्ये चढवलं आणि घरी येऊन न झाडता, न पुसता गॅरेजमध्ये उभं केलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आठवडाभर फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. घुशीची टोपी त्यांनी माझ्या दांड्याला अडकवली, ती तिथेच राहिली. शनिवारी शेवटचा सामना होता, दोन तासांवर, पेनसिल्व्हेनियात. सकाळी डिल्क्स गॅरेजच्या दारात आले, रस्त्याकडे पाहत उभे राहिले आणि परत आत गेले.

दुपारी चारच्या सुमाराला भोंगे ऐकू आले. एक ट्रक, दोन ट्रक, मग ग्लेंडाची मोटार. डिल्क्स टोमॅटोचं सँडविच हातात घेऊनच बाहेर आले. बंडीचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि उरलेल्या डोळ्याने तो हसत होता.

"सोळा-चौदा!"

"कुणाचे सोळा?"

"आमचे! आपले!" तो छाती पुढे काढून उभा राहिला. शर्टावर पांढरा पट्टा होता. "हे बघा. रेघ ओलांडून पलीकडे पडलो. दोनदा. कुणाला विचारायची गरजच नाही!"

डिल्क्सनी त्या पांढऱ्यावर बोट घासलं, दोन बोटांत चोळून वास घेतला. "ही फक्की नाही. मैदा आहे."

"काय?"

"स्वस्तातला मैदा. रेघा सरळ होत्या का त्यांच्या?"

"शेवया होत्या, मिस्टर डिल्क्स! नुसत्या शेवया!" ग्लेंडा म्हणाली आणि सगळे फुटले.

हसणं ओसरल्यावर केल्विन पुढे आला. "त्या दिवशी मी काही बोललो नाही. तुमच्या शेजारी येऊन उभं राहायला हवं होतं मी. नाही राहिलो." मग म्हणाला, "एप्रिलमध्ये मैदान आखायचंय."

डिल्क्सनी बंडीकडे पाहिलं. बंडी सुजलेला डोळा चोळत म्हणाला, "या हो. मैद्यावर लोळायचं नाहीये मला. माणूस आहे मी, पाव नाही."

त्या संध्याकाळी डिल्क्सनी मला ब्रशने कानाकोपऱ्यापर्यंत साफ केलं आणि चारी चाकांना तेल दिलं. आमच्या क्लबचा पहिला विजय मी पाहिलेला नाही. पण त्याची बातमी घेऊन ती माणसं घरी न जाता आधी आमच्या दारात आली, हे मी पाहिलं.

एप्रिलमध्ये सव्वीस जण आले. त्या वर्षी चार सामने जिंकलो. आणखी तीन वर्षांनी क्लबला स्वतःचं मैदान मिळालं, पक्के खांब आले. डिल्क्स पंच्याहत्तरीपर्यंत माझा दांडा धरून चालले, मग खुर्चीत बसून दुसऱ्यांना शिव्या देऊ लागले. "दोरी बांध! तुझ्या डोळ्यावर माझा विश्वास नाही!" सहा वर्षांपूर्वी ते गेले. जाताना मला क्लबच्या नावे करून गेले. तोवर ओल्या रंगाची यंत्रं आली होती. समितीने ठरवलं, मला धुऊन, नवा लाल रंग देऊन क्लबच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवायचं. खाली पाटी लावायची.

मान दिला, नाही म्हणत नाही. पण कपाटात जाऊन काय करू? तिथे ना दव, ना गवत. लोक येणार, वाचणार, पुढे जाणार. माझी आपली एवढीच विनंती आहे: ज्याला चाकं आहेत त्याला उभं करून ठेवू नका. जुन्याचं कौतुक करायचं असेल तर त्याच्या पोटात काम भरा.

देवाने, किंवा बंडीच्या पोरीने, ऐकलं. रेनी बंडी आता पस्तिशीची आहे, बापासारखीच रुंद. यंदा तिने क्लबचा बायकांचा संघ काढला. मोठ्या मैदानावर पुरुषांचा सामना, रंगाचं यंत्र तिकडे, आणि यांना मागचं उंचसखल मैदान दिलेलं. रेनी खोलीत आली, कपाट उघडलं आणि मला सरळ बाहेर ओढलं.

"अगं, ते शोभेचं आहे!" कुणीतरी म्हणालं.

"शोभा आपण करू," ती म्हणाली. "तू फक्की आण."

चौदाजणी जमल्यात. दोघींनी हा खेळ पाहिलाय, बाकीच्यांनी नाही. आत्ताच एकीने चेंडू झोकात पुढे फेकला आणि अख्खं मैदान ओरडलं. रेनी मला ढकलतेय. पहिल्या रेघेला मी डावीकडे गेले. आता तिला कळलंय, ती उजवीकडे धरतेय. चला, निघते. अकरा वाजता सामना आहे आणि अजून चार रेघा व्हायच्यात.