पहिला नंबर दादाचा

हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे वाफवाली म्हणत. नवरा तीन ठिकाणी कर्ज काढून, त्यावर तिची जामिनाची सही घेऊन पसार झाला होता, आणि आता तिन्ही घेणेकरी तिच्या पगारावर डोळा ठेवून होते.

तिला धास्ती एकाच गोष्टीची. पाळणाघराची फी आगाऊ भरावी लागे. चुकली की चिमणीची जागा दुसऱ्या पोराला. चिमणी दीड वर्षाची. आई निघाली की तिचं बोट मुठीत गच्च धरायची. ती मूठ हळूहळू उलगडावी लागायची.

पगार वाटणाऱ्या कारकुनाने धीर दिला. "जप्त्या तीन येवोत नाहीतर तेरा, सगळ्या मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे कापता येत नाही. ज्याचा हुकूम पहिला, त्याचं फिटेपर्यंत बाकीच्यांनी रांगेत बसायचं."

हे तिने थोरल्या भावाला, दादाला सांगितलं. दादाचे डोळे चमकले. "मग पहिला नंबर मीच लावतो! माझं देणं लागतेस असा कागद कर, कोर्टात कबूल हो. हिस्सा माझ्याकडे येईल, मी तो दर महिन्याला तुझ्या हातात ठेवीन. ते तिघं बसतील माशा मारत."

"किती लिहू रे?"

"दोन वर्षं पुरेल एवढं."

वाफवालीला हुशारी सुचली. "दोन वर्षांनी पुन्हा हेच झेंगट? मी दहा वर्षांचं लिहिते."

"शाब्बास! बहीण कुणाची!" दादा खदखदून हसला.

पहिल्या महिन्यात त्याने पैसे आणून दिले, वर चिमणीला लाल टोपडं. दुसऱ्या महिन्यात निम्मेच. तिसऱ्या महिन्यात ती त्याच्या दारी गेली, तेव्हा वहिनी नवंकोरं शिलाई मशीन पुसत होती.

"दादा, परवा फी भरायचीय."

"मग भर की."

"माझे पैसे दे ना."

"तुझे? कोर्टाचा हुकूम माझ्या नावाचा आहे."

"चेष्टा पुरे हं, दादा."

"न्यायाधीशासमोर मान कुणी डोलावली? मी तर दोनच वर्षं म्हणालो होतो, बाई. दहा तुझी."

ती कारकुनाकडे धावली. तो म्हणाला, "कागद खोटा होता असं सांगा कोर्टात. आधी तुम्ही आत जाल, मागून दादा. आणि ते तिघं रांगेत आहेतच." एवढं बोलून तो तोंड लपवून हसला.

तिसऱ्या दिवशी पाळणाघराच्या बाईने दुपारीच बोलावून दारातच पिशवी हातात दिली. दुधाची बाटली, दोन झबली, लाल टोपडं. चिमणीला वाटलं, आज आई लवकर न्यायला आली. तिने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वहिनी स्वतःहून आली. "आमच्याकडे ठेव की पोरीला. पैसे पगार झाल्यावर दे. थांबायचं म्हणून थोडे जास्त घेईन, एवढंच. घरचीच आहे ती."

वाफवालीला दुसरं दार नव्हतं.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नोटा वहिनीच्या हातावर ठेवल्या. कापून उरलेल्या ज्या पगाराला कुठल्याच घेणेकऱ्याला हात लावता येत नव्हता, त्यातल्याच त्या नोटा. चिमणीने नेहमीसारखं बोट पकडलं. वाफवाली खाली बसून तिची मूठ हळूहळू उलगडू लागली.

वहिनीने पोरीला हिसकून कडेवर घेतलं. "पळ आता. उशीर झाला की पगार कापतात, आणि तुझा पगार कापला की आमचा हिस्सा कमी होतो."